दोन ऑफिसांमधला फोन तुटतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

शेतीअवजारांच्या एका वितरकाचं मुख्य ऑफिस पुण्यात आणि गोदाम सांगलीला. दोन्हीकडे आयपी ईपीएबीएक्स, म्हणजे नेटवर्कवर चालणारं ऑफिसचं छोटं एक्स्चेंज, आणि मधे ब्रॉडबँडवरून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच दोन्ही ऑफिसांना जोडणारी खासगी वाट. पुण्यातून ३०१ फिरवला की सांगलीच्या डिस्पॅचमध्ये रिंग वाजते. पहिले काही महिने छान चाललं. मग एक दिवस मालकांचा फोन आला, "अहो, सांगलीचा माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. अर्धे शब्द गिळतो." मी सांगलीला विचारलं, तर तिथले म्हणाले, "आमाला तर सायबांचा आवाज खणखणीत येतोय."

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की निम्मा शोध तिथेच लागतो. मी मात्र तेव्हा ती ठेवली नाहीत. मालकांच्या टेबलावरचा फोन बदलला, मग हँडसेटची वायर बदलली, मग कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत, बदलला. दीड दिवस फुकट गेला. तो दीड दिवस तुमचा वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आयपी फोनवरचं एक संभाषण म्हणजे उलटसुलट दिशांनी धावणारे दोन वेगळे प्रवाह असतात. प्रत्येक प्रवाहात साधारण दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचं एक छोटं पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. पुणे ते सांगली प्रवाह ठणठणीत असताना सांगली ते पुणे प्रवाह पार फाटलेला असू शकतो. ज्याला ऐकू येत नाही तो तक्रार करतो, पण बिघाड बहुधा समोरच्याच्या बाजूला, त्याच्या अपलोडमध्ये असतो. मालकांना ऐकू येत नव्हतं, म्हणजे बघायला हवं होतं सांगलीकडे.

वहीपासून सुरुवात

"आवाज खराब येतो" एवढ्यावर काही करता येत नाही. दोन्ही ऑफिसांत फोनजवळ एकेक वही ठेवा आणि तीन-चार दिवस लिहून घ्या: वेळ, कोणी कोणाला लावला, कोणाला नीट ऐकू आलं नाही, आणि आवाज कसा होता. शेवटचा रकाना लोकांच्याच शब्दांत भरू द्या, कारण त्यातच निदान असतं.

"तुटतोय", "शब्द गिळतोय", "रोबोटसारखा येतोय" असं लिहिलेलं असेल तर पॅकेटं हरवताहेत किंवा मागेपुढे पोचताहेत. "दोघंही एकदम बोलायला लागतो, मग दोघंही थांबतो" असं असेल तर आवाज स्वच्छ आहे, पण उशिरा पोचतो आहे. "माझाच आवाज मला परत येतोय" हा प्रतिध्वनी. "घूं घूं येतंय", "खरखर आहे" म्हणजे बहुधा तांब्याची तार किंवा अर्थिंग. त्यात इंटरनेटचा काही संबंध नाही. आणि "मला ऐकू येतं, पण माझं त्यांना अजिबात जात नाही" हा तर वेगळाच आजार आहे, त्याकडे शेवटी येतो.

वेळेचा रकाना सगळ्यांत मोलाचा. पुण्याच्या वहीत तिसऱ्या दिवशी दिसलं की त्रास सकाळी अकराच्या आसपास आणि पुन्हा साडेचारला होतो. मधल्या वेळात एकही तक्रार नाही. फोनच खराब असता तर तो घड्याळ बघून बिघडला नसता.

साखळी मधोमध तोडा

फोन, स्विच, ईपीएबीएक्स, राउटर, ब्रॉडबँड, आणि पलीकडे तेच सगळं उलट्या क्रमाने. इतक्या कड्या एकेक करून तपासत बसू नका. तीन कॉल करून बघा.

पहिला, शाखेतल्या शाखेत, ३०१ वरून ३०२. तो तुटत असेल तर इंटरनेटकडे बघूच नका, दोष त्याच इमारतीत आहे. दुसरा, शाखेतून बाहेरच्या लाइनवर, एखाद्या मोबाईलला. तिसरा, शाखेतून मुख्य ऑफिसच्या एक्स्टेन्शनला. पहिले दोन स्वच्छ आणि फक्त तिसरा खराब, तर मधली वाट संशयित.

ईपीएबीएक्स ॲस्टेरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेला असेल तर 'एको टेस्ट' वापरा. ॲस्टेरिस्क चालवायच्या फ्रीपीबीएक्स या पॅनेलमध्ये स्टार ४३ फिरवला की तुम्ही बोलाल तेच तुम्हाला परत ऐकू येतं. शाखेतल्या फोनवरून आधी शाखेच्याच ईपीएबीएक्सची एको टेस्ट घ्या, मग ट्रंकवरून, म्हणजे दोन ईपीएबीएक्स जोडणाऱ्या लाइनवरून, मुख्य ऑफिसची. एक ते वीस आकडे सावकाश मोजा. कुठला आकडा अर्धवट येतो ते कानाला लगेच कळतं. दुसऱ्या टोकाला माणूस बसवावा लागत नाही, हा यातला मोठा फायदा.

प्लॅन वाढवण्याआधी हिशेब

जी.७११ कोडेकमध्ये दर पॅकेटला १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता-बित्ता लिहिलेलं वेष्टन. सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस (सेकंदाला ८० हजार बिट; एका बाइटचे आठ बिट). त्यावर व्हीपीएनच्या आयपीसेक पद्धतीचं कूटबद्ध कवच चढलं की तो आकडा १०५ ते ११५ पर्यंत जातो. जी.७२९ मध्ये आवाज फक्त ८ केबीपीएस असतो म्हणून लोक खूश होतात, पण वेष्टन आणि कवच धरून त्याचेही जवळपास ५० होतात. पाकिटापेक्षा टपालखर्च जड, असा प्रकार.

तरीही एकाच वेळी दहा कॉल चालले तर जी.७११ वर साधारण ११०० केबीपीएस, म्हणजे सव्वा एमबीपीएसपेक्षाही कमी लागतात. सांगलीचं अपलोड १० एमबीपीएस होतं आणि कॉल एका वेळी तीन-चारच. तेव्हा जागा कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता. "प्लॅन डबल करा" हा सल्ला तुम्हालाही मिळेल; आधी हा गुणाकार करून बघा. बहुतेक वेळा आवाजाला जागा असते, पण कोणीतरी ती अडवून बसलेलं असतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. दहा कॉल म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला ५०० छोटी पॅकेटं, आणि व्हीपीएनमध्ये प्रत्येक पॅकेट कूटबद्ध करावं लागतं. स्वस्तातल्या राउटरला एवढ्यानेही धाप लागते. कॉल चालू असताना राउटरच्या पानावर सीपीयूचा आकडा बघा. तो शंभराला टेकत असेल तर दुखणं राउटरचं आहे.

मोजायचं, पण त्रासाच्याच वेळी

संध्याकाळी सात वाजता ऑफिस रिकामं असताना पिंग करून (पलीकडे छोटं पॅकेट पाठवून उत्तराला लागलेला वेळ मोजून) "लाइन ओके आहे" म्हणण्यात अर्थ नाही. वहीतल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पिंग सुरू करा आणि त्रास सरेपर्यंत चालू ठेवा. पॅकेटचा आकार २०० बाइट ठेवा, म्हणजे आवाजाच्या पॅकेटसारखं काहीतरी जाईल, आणि सेकंदाला चार-पाच तरी पाठवा.

कोणते आकडे चांगले? एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणाऱ्यांना तो जाणवत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीतही हीच मर्यादा आहे, आणि ४०० च्या पलीकडे जाऊ नये असं तीच शिफारस सांगते. यात फक्त तारेवरचा वेळ धरू नका. पॅकेट भरायला २० मिलिसेकंद, पलीकडच्या जिटर बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थोडी साठवून सारख्या अंतराने सोडणाऱ्या जागेत, ४० ते ६०, हेही त्यातच मोजायचं. जिटर, म्हणजे पॅकेटांच्या अंतरातला चढउतार, ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. पॅकेटं शंभरात एकापेक्षा कमी हरवायला हवीत.

अंतराला दोष देऊ नका. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते सांगली अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर. जाऊन येऊन तीन मिलिसेकंदही लागू नयेत. प्रत्यक्षात मला १८ दिसत होते, कारण दोन्हीकडे वेगवेगळे सेवादाता आणि पॅकेटं वळसा घालून यायची. ते चालण्यासारखं आहे. पण अकरा वाजून दोन मिनिटांनी तेच १८ चे ४०० झाले आणि मधूनमधून उत्तर येईनासं झालं.

हे लक्षण ओळखायला शिका. आकडा हळूहळू फुगतो, वरच राहतो आणि मग एकदम खाली येतो, तेव्हा कुठेतरी रांग लागलेली असते. अपलोड भरलं की राउटर किंवा मोडेम पॅकेटं टाकून न देता साठवत बसतो. आवाजाचं इवलंसं पॅकेट मोठाल्या पॅकेटांच्या मागे रेशनच्या रांगेत उभं राहतं.

सांगलीच्या राउटरमध्ये त्या क्षणी चालू असलेली कनेक्शनं बघितली. सगळं अपलोड एकच यंत्र खात होतं: गोदामातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर. आठ कॅमेरे, प्रत्येकी साधारण २ एमबीपीएस, मिळून १६, आणि रस्ता १० चा. पलीकडे कोण बघतंय? एक मोबाईल. मालक रोज अकराला आणि साडेचारला गोदामाचे आठही कॅमेरे मोबाईलवर उघडायचे, आणि कोणी रिकामं बसलेलं दिसलं की कॅमेरे बंद न करता त्याच क्षणी ३०१ फिरवायचे. कॅमेरे बंद, मग फोनही उत्तम. म्हणून दिवसभरात बाकी कोणाचीच तक्रार नव्हती.

तुमच्याकडे डीव्हीआर नसेल, तर टॅलीचा क्लाउड बॅकअप असेल, कोणाचा मोबाईल वायफायवर फोटो चढवत असेल, संगणकांचे अपडेट असतील. शाखेला ऐकू येत नसेल तर शाखेचं डाउनलोड किंवा मुख्य ऑफिसचं अपलोड बघा.

पिंगने भागलं नाही तर एमटीआर चालवा. ते वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा उशीर आणि गळती दाखवतं. इथे नवखे हमखास फसतात: चौथ्या टप्प्यावर ६० टक्के गळती दिसली की सेवादात्याशी भांडायला निघतात. मधले राउटर स्वतःला आलेल्या चौकशीला अनेकदा मुद्दाम कमी उत्तरं देतात, पुढे जाणारी पॅकेटं मात्र नीट पाठवतात. गळती एखाद्या टप्प्यावर सुरू होऊन शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकत असेल तरच ती खरी.

पक्का पुरावा: दोन्ही टोकांना पकड

संशय उरला असेल तर त्याच कॉलची पॅकेटं दोन ठिकाणी पकडा, शाखेच्या ईपीएबीएक्सपाशी आणि मुख्य ऑफिसच्या ईपीएबीएक्सपाशी. फाइल वायरशार्क या पॅकेटं तपासायच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, 'टेलिफोनी' मेनूतून 'आरटीपी' आणि तिथून स्ट्रीम्सची यादी काढा. प्रत्येक दिशेचा प्रवाह वेगळ्या ओळीत दिसेल. हरवलेली पॅकेटं, जिटर, आणि 'मॅक्स डेल्टा', म्हणजे लागोपाठच्या दोन पॅकेटांमधलं सगळ्यांत मोठं अंतर. आदर्श अंतर २०. तिथे १८० दिसलं की तेवढा वेळ ऐकणाऱ्याच्या कानात खड्डा पडला, जिटर बफरने सांभाळलं तेवढं सोडून.

आता तुलना. सांगलीहून निघताना प्रवाह स्वच्छ आणि पुण्यात पोचताना फाटलेला, तर दोष मधल्या रस्त्यात. निघतानाच फाटलेला, तर सांगलीच्या इमारतीत. पुण्याच्या ईपीएबीएक्सपर्यंत स्वच्छ आला आणि तरीही मालकांना तुटक ऐकू येतो, तर पुण्याच्या ऑफिसातली वायर किंवा फोन. यात वादाला जागा उरत नाही.

कूटबद्ध नसलेला कॉल वायरशार्कमध्ये चक्क ऐकता येतो. म्हणून आधी परवानगी घ्या आणि काम झाल्यावर फाइल पुसा.

रांग आपल्याच दारात लावा

दुरुस्तीचं तत्त्व साधं आहे. जिथे कोंडी होते तिथेच आवाजाला पुढे काढायचं, आणि ती कोंडी आपल्या ताब्यातल्या राउटरमध्येच होईल अशी व्यवस्था करायची. त्रासाच्या वेळी खरंच किती अपलोड मिळतं ते मोजा आणि राउटरवर त्याच्या ९० टक्क्यांची मर्यादा घाला. १० मिळत असतील तर ९. एक एमबीपीएस वाया घालवल्यासारखं वाटतं, पण त्यामुळे सेवादात्याच्या मोडेममध्ये रांग लागतच नाही. ती तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे क्रम तुम्ही ठरवता. राउटरमध्ये केक किंवा एफक्यू-कोडेल नावाची रांगपद्धत असेल, जी मायक्रोटिक राउटरांच्या सॉफ्टवेअरमध्ये सातव्या आवृत्तीपासून आहे, तर ती लावा. नुसत्या तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मग आवाजाला अग्रक्रम. फोन आणि ईपीएबीएक्स आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ ही खूण मारतात, तिलाच ईएफ म्हणतात. ही खूण उघड्या इंटरनेटवर कोणी पाळेल अशी आशा ठेवू नका. ती तुमच्या स्वतःच्या राउटरसाठी आहे. व्हीपीएनच्या आत गेल्यावर काही प्रकारांत ही खूण बाहेरच्या पाकिटावर उतरते, काहींत नाही. या गुंत्यात पडायचं नसेल तर माझा उपाय वापरा: फोनसाठी वेगळा टनेल, म्हणजे वेगळी व्हीपीएन वाट, उभारा आणि तो अख्खा टनेलच पहिल्या नंबरवर ठेवा. फाइलींची देवाणघेवाण दुसऱ्या टनेलमधून. आणि टनेल यूडीपी या एकदा पाठवून मोकळं होणाऱ्या पद्धतीवरचाच हवा. टीसीपीवरचा टनेल हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवत बसतो आणि मागची सगळी अडवून धरतो; आवाजात उशिरा आलेलं पॅकेट कामाचं नसतं.

डाउनलोडची रांग सेवादात्याकडे लागते, तिथे आपला हात पोचत नाही. तिथेही मर्यादा जरा खाली ठेवली तर पुष्कळ सुधारतं, पण अपलोडइतकी हमी नाही. 4जी-५जीचा डोंगल मुख्य लाइन म्हणून वापरत असाल तर अपलोड दर मिनिटाला बदलतं, मग ९० टक्के तरी कशाचे काढणार? तो बॅकअप म्हणूनच ठेवा.

इमारतीतलेच उपद्रव

शाखेतल्या शाखेतला कॉल तुटत असेल तर सगळ्यांत आधी स्विचच्या पोर्टांचे एरर काउंटर बघा. जुना पण अजून भेटणारा दोष म्हणजे डुप्लेक्सचा बेबनाव: एक बाजू एकाच वेळी पाठवते आणि घेते (फुल), दुसरी आळीपाळीने (हाफ). एका बाजूला कोणीतरी हाताने १०० फुल करून ठेवलेलं असतं, दुसरी बाजू ऑटोवर. ऑटोला समोरून उत्तर मिळत नाही, म्हणून ती हाफवर उतरते. एखादा कॉल चालतो, पिंग छान येतो आणि वर्दळ वाढली की पॅकेटं गळू लागतात. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा, काम संपलं.

फोनच्या मागच्या पोर्टमधून संगणक जोडलेला असेल तर तो काढून बघा. वायफायवर चालणारा डेस्क फोन तक्रारीच्या यादीत असेल तर त्याला आधी वायर लावा आणि मगच बाकीचं तपासा.

कोडेक, प्रतिध्वनी आणि बाकीचे

कोडेक दोन्ही टोकांना एकच ठेवा. फोन जी.७११, ट्रंक जी.७२९, पलीकडे पुन्हा जी.७११ असं असेल तर आवाज दोनदा रूपांतरित होतो आणि दर वेळी थोडा विटतो. जागा असेल तर सरळ सगळीकडे जी.७११, आणि आपल्याकडे त्याचा ए-लॉ प्रकार. वाक्याचं पहिलं अक्षर कापलं जातंय, "नमस्कार"चं "मस्कार" होतंय, तर 'सायलेन्स सप्रेशन' (कोणी बोलत नसताना पॅकेटं न पाठवण्याची सोय) बंद करा.

प्रतिध्वनीचा नियम उलटा आहे. ज्याला स्वतःचा आवाज परत येतो त्याचा फोन सहसा निर्दोष असतो; आवाज परततो पलीकडून. पलीकडे कोणी स्पीकरवर बोलतंय का विचारा. कॉल ॲनालॉग लाइनवरून बाहेर जात असेल तर दोन तारांचं चार तारांशी जिथे जुळतं, म्हणजे गेटवेचा एफएक्सओ पोर्ट (बाहेरची तांब्याची लाइन लागते तो), तिथला इम्पीडन्स (विजेचा अडथळा) आणि एको कॅन्सलर बघा.

घूं घूं असेल तर क्रोन मॉड्यूलपाशी, म्हणजे बाहेरच्या तारा आतल्या तारांना जोडतात त्या पट्टीपाशी, जा. लाइन तिथेच सुटी करून साधा फोन लावा. आवाज तरीही येत असेल तर दोष बाहेरच्या तारेत, पावसाळ्यात बहुधा ओल्या जॉइंटमध्ये. तिथे शांत असेल तर आपलं अर्थिंग आणि विजेच्या वायरीला चिकटून नेलेली फोनची वायर तपासा.

एकाच बाजूने ऐकू येणं हे दर्जाचं नव्हे, पत्त्याचं दुखणं. राउटरमधलं 'सिप एएलजी', म्हणजे कॉलच्या पॅकेटांमधले पत्ते परस्पर बदलणारी सोय, बंद करा आणि ईपीएबीएक्समध्ये स्थानिक नेटवर्कांची यादी भरताना पलीकडच्या ऑफिसचं नेटवर्कही घातलंय का पाहा. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कट होत असेल तरी वाट हीच: कॉल उचलल्याची पोच समोर पोचत नाही आणि ईपीएबीएक्स वाट बघून थकतो.

सेवादात्याकडे तक्रार करायची वेळ आलीच तर "नेट स्लो आहे" असं लिहू नका. राउटरमागचं सगळं सोडवून, एकच लॅपटॉप थेट त्यांच्या मोडेमला लावून, त्रासाच्या वेळचा एमटीआर दोन्ही दिशांनी काढा आणि तारीख-वेळेसकट जोडा. तुमचंच अपलोड भरलं होतं हे उत्तर मग त्यांना देता येत नाही.

पुन्हा त्याच वेळी तपासा

सांगलीला मी डीव्हीआरचं मोबाईलवरचं चित्र सबस्ट्रीमवर, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रवाहावर, टाकलं, त्यामुळे १६ चे ४ एमबीपीएस झाले. राउटरवर ९ ची मर्यादा घातली आणि फोनचा टनेल पहिला केला. मग मालकांना सांगितलं, उद्या अकराला नेहमीसारखं करा, माझ्यासाठी काही बदलू नका. मी त्यांच्या टेबलाशी उभा होतो. त्यांनी आठही कॅमेरे उघडले. पिंग २२ वर. त्यांनी स्पीकर लावून ३०१ फिरवला आणि विचारलं, "काय रे, कोपऱ्यात बसून काय करतोयस?"

"बसलोय कुठं सायेब, नांगराच्या फाळांचे बोल्ट मोजतोय."

एकही अक्षर गळलं नव्हतं.